सगुणाचं दूध

बाळंतिणींच्या वॉर्डात म्हातारी मुंगी शोधत होती.

एका हातात जर्मनची वाटी धरून ती खिडकीशी वाकली होती आणि दुसऱ्या हाताचं बोट भिंतीच्या भेगेवरून फिरवत होती. फरशी पुसता पुसता सगुणाबाईनं ते पाहिलं आणि तिचा हात थांबला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हातारीची सुपारी पडली असेल. सगुणाबाईला विचारायची गरज नव्हती. वाटीत एखाद्या बाळंतिणीचं दूध असणार, आणि म्हातारी त्यात मुंगी सोडणार. मुंगी जगली तर दूध चांगलं. मेली तर विषारी, मग त्या बाईनं लेकराला अंगावर घ्यायचं नाही. आता दुधात पडलेली मुंगी मरणार नाही तर काय पोहून काठाला लागणार आणि पदर पिळत बसणार? पण एवढं साधं म्हणणारं माणूस नेमक्या वेळेला घरात नसतं.

म्हातारीला मुंगी सापडली. चिमटीत धरून ती वळली आणि सगुणाबाईला तोंड दिसलं.

बोरीची सरजाबाई. सगुणाबाईची सासू. म्हणजे एके काळची.

"सगुणे," म्हातारी म्हणाली. चिमूट तशीच वर राहिली. "तू हितं काय करायलीस?"

"आया हाय मी हितं. दुष्काळाच्या सालापासून." सगुणाबाई उठली. "ती वाटी द्या इकडं."

"कामून?"

"दवाखान्यात असलं काई चालत न्हाई."

सगुणाबाईनं वाटी घेतली आणि मोरीत पालथी केली. दूध दाट होतं, पिवळसर. मोरीच्या कडेला ते क्षणभर रेंगाळलं. तिनं वरून तांब्याभर पाणी सोडलं. खोटं कशाला बोला, वाटी पालथी करायच्या आधी ती क्षणभर घुटमळली होती.

खिडकीच्या खाटेवर चतुरा पडली होती. सूर्यभानची दुसरी बायको. अंगानं काटकुळी, तापानं तोंड लाल झालेलं. छातीत दूध साठून दगड झाले होते, पदराचा स्पर्श सोसत नव्हता. शेजारी दुपट्यात तिचं लेकरू रडत होतं. रडत कसलं होतं, कण्हत होतं. नवसासायासानं झालेला पहिला मुलगा. त्याच्या मांड्यांची कातडी सैल पडली होती आणि टाळू खोल गेली होती. थानाला लावलं की दोन चुटके मारायचं, टक्‌टक् आवाज करायचं, सुटायचं आणि पुन्हा कण्हायला लागायचं. आईच्या अंगात दुधाचा पूर आणि लेकरू तहानेनं वाळत चाललेलं.

सगुणाबाई वाकली. लेकरानं रडायला तोंड उघडलं तेव्हा तिनं जीभ पाहिली. शेंड्याला मधोमध खाच होती. जीभ वर यायला बघत होती, पण खालून कुणी तरी ओढून धरल्यासारखी खालीच राहत होती.

तिनं ही जीभ आधी पाहिली होती.

बोरीला नांदत होती तेव्हाची गोष्ट, नऊ वर्षांपूर्वीची. तिचा पहिलाच मुलगा. त्याच्याही जिभेला अशीच खाच होती आणि ती तिला इतकी आवडायची की लेकरू जांभई द्यायला लागलं की ती हातातलं काम टाकून बघत बसायची. तिला वाटायचं, देवानं बोटानं दाबून खूण केलीय, मोठेपणी हा गोड बोलंल. लेकरू पीत नव्हतं. सरजाबाईनं वाटीत दूध पिळून घेतलं, मुंगी सोडली. मेली. दुसरी सोडली, तीही मेली. झालं. दिवस उजाडायच्या आत बैलगाडी जुंपली आणि सगुणाला चुडाव्याला माहेरी धाडलं. दूध आटलं की ये, तोवर लेकराला शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर ठेवते, असं सासू म्हणाली होती. सूर्यभान गाडीच्या मागं वेशीपर्यंत आला आणि परत फिरला.

दूध काही आटलं नाही. चोळ्यांवर चोळ्या भिजायच्या. आईनं छातीला धोतराचं फडकं आवळून बांधलं, तरी रात्रंदिवस वाहायचं, आणि ज्याच्यासाठी वाहायचं तो तिकडं बोरीला. मग एक दिवस बोरीचा माणूस आला आणि बाहेरच्या बाहेर आईच्या कानात सांगून गेला. लेकरू गेलं होतं. त्यानंतर तिला न्यायला कुणीच आलं नाही. विषारी दुधाची बाई कोण घरात ठेवणार? लोक टाकलेली म्हणायचे ते एक वेळ परवडलं. पण चुडाव्यातल्या लेकुरवाळ्या बाया ती दिसली की लेकरू पदराखाली घ्यायच्या, ते तिला सोसवत नसे. दुष्काळात खडी फोडली आणि तिथून एका मुकादमाच्या ओळखीनं परभणीच्या दवाखान्यात आया म्हणून लागली.

इथंच तिला कळलं. भालेराव डॉक्टर नवीन आले होते. एका लेकराचं डोकं धरायला त्यांनी तिला बोलावलं, लेकराची जीभ वर उचलली, आणि तिला ती खाच दिसली. खाली पातळ पडदा होता, कांद्याच्या सालीसारखा. डॉक्टरांनी कात्रीनं टुक केलं. एवढंच. रक्ताचा एक टिपूस. लेकरू दोन हुंदके देऊन आईला असं बिलगलं की घोट गिळल्याचा आवाज खाटेच्या पायथ्याशी ऐकू आला. तो आवाज ऐकून सगुणाबाई धुतलेल्या चादरींच्या खोलीत गेली आणि चादरींवर पडून इतकी रडली की सिस्टरनं तिला घरी धाडलं.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. नवरा परत नको होता. घर, शेत, मानपान काही नको होतं. बोरीच्या त्या घरातल्या कुणी तरी, शक्यतो सरजाबाईनं, एकदा तोंडानं म्हणावं की सगुणाचं दूध चांगलं होतं. भांडी घासताना, रॉकेलच्या रांगेत उभी असताना तिच्या कानात ते वाक्य कुणी तरी म्हणत असायचं, आणि दर वेळी आवाज सरजाबाईचा असायचा.

आणि आता सरजाबाई समोर उभी होती, मुंगी चिमटीत घेऊन.

"आत्याबाई," सगुणाबाई म्हणाली, "दुधाचा काई दोष न्हाई. लेकराची जीभ खाली चिकटलीय. त्याला ओढताच येत न्हाई. डॉक्टर कात्रीनं जराशी मोकळी करतेत. डोळ्याचं पातं लवतंय तवर व्हतंय."

"कात्रीनं?"

"व्हय."

सरजाबाईनं मुंगी टाकली आणि लेकरू उचलून छातीशी धरलं. "पोराला कापायचं? मला येडी समजलीस का? परवाच आमच्या गावातून जीप भरून मानसं नेली. परत आली ती फेंगडी चालत आली. आता तान्ह्या पोरांपस्तोर आलं का सरकार?"

"जीभ हो, आत्याबाई, जीभ. जिभेची कुठं नसबंदी असती का?"

शेजारच्या खाटेवरची बाळंतीण फिस्सकन हसली आणि टाक्यांची आठवण होऊन गप्प झाली. सरजाबाई मात्र हसण्यावारी नेणारी नव्हती. आणीबाणीचं ते साल असं होतं की दवाखान्यात बोट बांधायला गेलेला माणूसही धोतर घट्ट धरून बसायचा. खिडकीतून फाटकाबाहेरचा लिंब दिसत होता आणि लिंबाखाली सूर्यभान उकिडवा बसला होता. बायकोला आणि आईला आत पाठवून तो बाहेरच थांबला होता. जीपचा आवाज आला की उठून उभा राहायचा. सगुणाबाईनं त्याला नऊ वर्षांनी पाहिलं. खांदे उतरले होते, कानाजवळ केस पिकले होते. तिला राग येईल असं वाटलं होतं. आली ती कीव.

"मी खोटं कामून सांगू तुमाला?" ती म्हणाली.

"कामून म्हंजी?" सरजाबाईचा आवाज चढला. "सवतीचं लेकरू हाय ह्ये. तुझं गेलं, हिचंबी जावं. मला कळंना का?"

वरचा पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

शब्द सगुणाबाईला लागला होता, आणि लागण्यासारखाच होता, कारण तो सगळाच खोटा नव्हता. वाटी पाहिली त्या पहिल्या क्षणी तिच्या मनात आलं होतं की सोडू दे म्हातारीला मुंगी. हिलाही गाडीत घालू दे, हिच्याही चोळ्या भिजू देत, मग कळंल. क्षणभरच आलं होतं. पण आलं होतं. म्हणूनच वाटी पालथी करताना ती घुटमळली होती.

"आत्याबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "माझं दूध तुमी बघितलंय. भिताडाला उडायचं. आन लेकरू टक्‌टक् करून सोडून द्यायचं. ह्येबी तसंच करायलंय का न्हाई? दोन बाया येगळ्या, दोन दुधं येगळी. दोन्ही विषारी कशी निगतील?"

लेकरू सरजाबाईच्या छातीशी तोंड घासत होतं.

चतुरा कोपरावर उठली. इतका वेळ ती डोळे मिटून पडली होती, झोपली असावी असंच वाटत होतं. "बाई," ती सगुणाबाईला म्हणाली, "तुमच्या लेकराची जीभ अशीच व्हती?"

"अशीच. शेंड्याला खाच."

"ते कवा गेलं?"

"पहिल्या पंधरवड्यातच. मी नव्हते तिथं."

चतुरानं सासूकडं पाहिलं नाही. हात पुढं केले. "द्या ते लेकरू इकडं, आत्याबाई." म्हातारी नाही म्हणायच्या आत तिच्या हातातून ते गेलंच होतं. चतुरानं ते तसंच सगुणाबाईच्या हातात ठेवलं. "जा घेऊन. आन तुमीच धरा त्याला. दुसऱ्या कुनाला धरू देऊ नका."

भालेराव डॉक्टर दुपारी नसबंदीच्या कॅम्पला जाणार होते, त्याआधी त्यांनी टेबलावर कंदिलाएवढा दिवा ओढून घेतला. सगुणाबाईनं लेकराला दुपट्यात गच्च गुंडाळलं आणि दोन्ही तळहातांत डोकं धरलं. टाळू तिच्या हाताखाली धडधडत होती. सरजाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कात्री कुठं जाते यावर तिची नजर होती.

डॉक्टरांनी आधी वरचा ओठ उलटून पाहिला. "ओठाचं ठीक आहे. कधी कधी तिथंही चिकटलेलं असतं." मग जीभ उचलली. "ही मात्र पार शेंड्यापर्यंत बांधलेली आहे. घरात कुणी बोबडं बोलतं का, आजी?"

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"याचा बाप," सरजाबाई म्हणाली. "लहानपनापासून. र म्हनता येत न्हाई."

"तरीच. हे घराण्यात उतरतं, बापाकडून पोराकडं. सगळ्यांना इतकं घट्ट नसतं, कुणी निभावून नेतं, कुणाला नाही जमत. धरा हं बाई."

टुक.

लेकरानं श्वास ओढला आणि टाहो फोडला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबला, काढला, पाहिला. "न्या. लगेच पाजा."

सगुणाबाईनं ते धावतच नेलं. चतुराची छाती दगड झालेली. सगुणाबाईनं गरम पाण्याचं फडकं ठेवलं, बोटांनी जरासं पिळून वाट मोकळी केली आणि लेकराचं तोंड लावलं. ते सवयीनं टक्‌ करून सुटलं. पुन्हा लावलं. पुन्हा सुटलं. सरजाबाई मागं येऊन उभी होती. तिचा श्वास सगुणाबाईला मानेवर लागत होता. तिसऱ्या खेपेला लेकराची जीभ पुढं आली, वर वळली, आणि त्यानं धरलं. चतुरा कळवळून ओरडली, खाटेची दांडी पकडली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लेकराच्या कानाखालचं हाड हलत होतं. घोट, घोट, मग एक उसासा, पुन्हा घोट.

"पिऊ लागलं, अक्का," चतुरा म्हणाली. सवतीला अक्का म्हणतात तशी.

सगुणाबाईला तिथं उभं राहवेना. ती बादली उचलून बाहेर गेली.

चतुराचा ताप उतरायला दोन-तीन दिवस लागले. त्या दिवसांत सरजाबाई सगुणाबाईशी कामापुरतंच बोलली. पाणी कुठं मिळंल, दुपटं कुठं वाळू घालू. बाकी वेळ ती भिंतीला टेकून बसायची आणि नातवाच्या हलणाऱ्या जबड्याकडं बघत राहायची. सगुणाबाई वाट बघत होती. झाडताना, भांडं उचलताना, खाटेजवळून जाताना तिला वाटायचं, आता म्हणंल. म्हातारी तोंड उघडायची आणि जांभई द्यायची.

सुट्टी मिळाली त्या दिवशी सूर्यभान टांगा आणायला गेला. जाण्याआधी फाटकाशी तो आणि सगुणाबाई समोरासमोर आले. त्यानं खाली पाहिलं. "बलं हाय का?" त्यानं विचारलं. "बरं हाय," ती म्हणाली. तो निघून गेला.

चतुरा लिंबाखाली पाठमोरी बसून लेकराला पाजत होती. सरजाबाई दवाखान्याच्या पायरीवर गाठोडं घेऊन बसली होती. सगुणाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. एकाच पायरीवर, पण हातभर अंतर ठेवून. बरंच काही बोलायचं तिनं ठरवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"आत्याबाई, आता तुमी बघितलं. माझं दूध चांगलं व्हतं, एवढं म्हना. एकदाच. मला दुसरं काई नको."

सरजाबाई गाठोड्याची गाठ सोडत राहिली, बांधत राहिली.

"म्हनलं असतं गं," ती शेवटी म्हणाली. "परवापासून जिभेवर हाय. पन तुझं दूध चांगलं म्हनलं, तर ते लेकरू म्या मारलं म्हनावं लागतंय."

सगुणाबाईनं तिच्याकडं पाहिलं. नऊ वर्षांत तिनं या बाईला हजार शाप दिले होते, आणि दर शापात हेच वाक्य होतं. तूच मारलंस. आता ते तिच्या तोंडून ऐकताना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"शेळीचं दूध त्याला पचंना," सरजाबाई सांगू लागली. कुणी विचारलं नव्हतं. "उलट्या करायचं. बोळा तोंडात धरायचं न्हाई. तुला आनायला गाडी धाडावी असं लय वाटलं. पन मुंगी मेल्ती. म्हनलं, जीव जाईल त्याचा. शेवटाला म्या मपल्याच थानाला लावलं त्याला. कोरड्या. म्हनलं, उगं तरी राहील. ते ओढायला बघायचं, आन मव्ह्याकडं बघायचं."

"रडलं का?"

"न्हाई. रडायचं बळच नव्हतं."

सगुणाबाईनं पदराचा बोळा तोंडावर धरला. नऊ वर्षं तिला वाटत होतं की तिचं लेकरू कापसाचा बोळा तोंडात घेऊन गेलं. ते कुणाच्या तरी अंगावर गेलं होतं, हे तिला आज कळत होतं. त्यानं बरं वाटावं की आणखी तुटावं, तिला समजेना.

रस्त्यावर टांग्याचे घुंगरू वाजले. सरजाबाई उठायला गुडघ्यावर हात टेकत म्हणाली, "सूर्यभानच्या येळंला मव्ह्याबी दुधात मुंगी टाकली व्हती. सासूनं. मेलीच. महिनाभर मला गोठ्यात निजवलं, लेकराला दुधाचा वास येऊ नये म्हनून. तो वरच्या दुधावर जगला, म्हनून मला वाटलं, खरं असंल."

ती उभी राहिली. टांगा फाटकाशी लागला होता. सूर्यभान गाठोडं घ्यायला येत होता, चतुरा लेकरू सावरत उठत होती.

"आत्याबाई," सगुणाबाई म्हणाली, "तुमचं दूध चांगलं व्हतं."

सरजाबाई थांबली. ऐकू आलं नाही की काय, असं सगुणाबाईला वाटलं. मग सत्तरीला टेकलेल्या त्या बाईनं, पोरगा समोरून येत असताना, पदर ओढून आपली छाती नीट झाकून घेतली आणि ती टांग्याकडं चालू लागली.